कागद काय म्हणतो

औषधाच्या खोक्यातून निघालेल्या कागदाला इस्त्री करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो पातळ, आठ-दहा घड्या घातलेला, दोन्ही बाजूंनी मुंगीच्या अक्षरात छापलेला कागद तुम्हीही पाहिला असेल. गिऱ्हाईक तो उघडत नाही, डॉक्टरला वेळ नसतो आणि आम्ही मेडिकलवाले खोकं फोडलं की आधी तोच कचऱ्यात टाकतो. आमच्या दुकानातले काका तो कचऱ्यातून उचलायचे. मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करायचे, पिशवीत घालून अंबरनाथला घरी न्यायचे आणि रविवारी सकाळी कोमट इस्त्री फिरवून सोमवारी परत आणायचे. काकू म्हणायच्या, "माझ्या साड्या इस्त्रीवाल्याकडे जातात आणि लाड या कागदांचे होतात."

उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका मेडिकलमध्ये मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाही ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे ते 'कागदवाले काका'. उंची बेताची, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग, आणि चालताना मान थोडी पुढे, कायम काहीतरी वाचत असल्यासारखी.

उमेदीची वर्षं त्यांनी अंबरनाथच्या एका औषध कंपनीत काढली होती. तिथे त्यांचं काम एकच. प्रेसमधून छापून आलेलं पत्रक मंजूर झालेल्या मसुद्याशी ओळ न ओळ ताडून बघायचं आणि खाली सही करायची. पुढे कंपनी बंद पडली, तिथे आता गोडाऊन आहे. पण काकांची सवय काही बंद पडली नाही. ते म्हणायचे, "मॅडम, या कागदातली एकेक ओळ भांडून आत आलेली असते. कुठेतरी कुणाला तरी काहीतरी झालेलं असतं, तेव्हा ती छापली जाते. फुकट कुणी शाई घालवत नाही."

मी नोकरी मागायला गेले तेव्हा दुकानाच्या शेठनी मला आतल्या खोलीत त्यांच्याकडे पाठवलं. मला वाटलं, फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन बघतील, अनुभव विचारतील. त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला आणि "वाचा" म्हणाले. मी दहा मिनिटं डोळे फोडले. मग त्यांनी विचारलं, "यात काय लिहिलेलं नाही?"

मी गडबडले. लिहिलेलं विचारा की! शेवटी मी चाचरत म्हटलं, "अंगावर पाजणाऱ्या बाईने घ्यावं की नाही, ते नाही लिहिलेलं."

"मग तशी बाई आली तर काय सांगाल?"

"लिहिलेलं नाही म्हणजे चालत असेल…"

"झालं!" त्यांनी भिंग टेबलावर आपटलं. "कागद गप्प बसला म्हणजे हो म्हणाला नाही. लग्नाची मुलगी आहे का तो, गप्प बसली की होकार?" तरीही नोकरी मला मिळाली. नंतर कळलं, आधीच्या तिघींना त्या प्रश्नाचं उत्तरच देता आलं नव्हतं.

आतल्या खोलीत भिंतीला लागून मिठाईचे रिकामे खोके रचलेले असत. शेठकडे दर दिवाळीला व्यापाऱ्यांकडून जे खोके यायचे, त्यातली मिठाई आम्ही खायचो आणि खोके काका घ्यायचे. वरती औषधांच्या आद्याक्षरांच्या चिठ्ठ्या आणि आत इस्त्री केलेले कागद. त्या खोलीत चहा प्यायला बंदी. बाहेर बेसिनपाशी उभं राहून प्यायचा, हात धुवायचे, पुसायचे, मग आत यायचं. एकदा आमच्या एका डिलिव्हरीवाल्याने असल्या एका कागदात वडापाव गुंडाळला. काका त्याच्याशी चार दिवस बोलले नाहीत. माणूस म्हणून ते सोपे नव्हते, हे मला सांगायलाच हवं. ते संथ होते, हट्टी होते आणि समोर कितीही गर्दी असो, भिंग काढलं की त्यांना जग दिसायचं बंद व्हायचं. शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "अरे अंकल, गिराक खड़ा है, साईं! टाइम खोटी मत करो!" काका मान वर न करता म्हणायचे, "खड़ा है ना? खड़ा ही रहना चाहिए. लेटना नहीं चाहिए." शेठनाही हसू यायचं.

मग एआय आला.

आधी तो गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये आला. जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणारी पोरं यायची आणि फोन काउंटरवर ठेवून सांगायची, "अंकल, इसमें पूछा है, दोनों गोली साथ में चलती है." थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदम घेणारी एक सिंधी बाई होती. फोनने तिला 'हो' सांगितलं होतं. काकांनी खोका काढला, कागद काढला, ओळीवर बोट ठेवलं: दोन्हींत चार तासांचं अंतर. बाई म्हणाली, "पर मोबाइल तो इतना अच्छे से समझाता है, भाऊ." काका म्हणाले, "समझाता अच्छा है, माताजी. जमाई भी अच्छा ही बोलता है. पर घर का दवाई का डब्बा जमाई के हाथ में देते हैं क्या?"

त्या दिवसापासून एआयचं नाव जावईबापू पडलं. पुढे शेठनी दुकानासाठीच एक टॅब्लेट घेतला. व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाईक औषधांची यादी पाठवणार, आम्ही ती टॅब्लेटवर टाकणार, तो सांगणार काय कशाबरोबर चालतं आणि आम्ही ते गिऱ्हाइकाला कळवणार, अशी शेठची कल्पना होती. काकांनी एक अट घातली. जावईबापू जे बोलतील ते वहीत डाव्या बाजूला लिहायचं, कागद जे म्हणतो ते उजव्या बाजूला, आणि ते स्वतः दोन्ही ताडून बघितल्याशिवाय एक शब्द दुकानाबाहेर जायचा नाही. जुळलं तर बरोबरची खूण, उलटं असलं तर फुली आणि कागद गप्प असला तर नुसतं गोल. गोल आलं की ते डॉक्टरला फोन करायला लावायचे. डॉक्टर चिडायचे. काकांना त्याचं काही नसे.

कुणाला वाटेल, म्हाताऱ्याला यंत्राचा राग होता. तसं नव्हतं. एकदा कोलेस्टेरॉलच्या एका गोळीबद्दल जावईबापू म्हणाले की, बीपीच्या अमुक गोळीबरोबर ती मोठ्या मात्रेत देऊ नये. आमच्या कागदात तसं काही नव्हतं. काकांनी गोल काढलं आणि त्यावर न थांबता कंपनीला पत्र लिहिलं, तीनदा फोन केला. नवा कागद आला, त्यात ती ओळ होती. आमच्या खोक्यातलाच कागद जुना निघाला. त्या दिवशी काकांनी वहीत लाल पेनाने लिहिलं, 'जावई बरोबर. आपण मागे.' आणि पुढचे दोन महिने एकेक खोका उपसून जुने कागद बदलले. मला म्हणाले, "तो चुकतो याचं वाईट वाटत नाही मला. मीही चुकतो. पण तो चुकला की कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, ते सांग. त्याला दारच नाही."

आम्ही बदलापूरला खरवईत फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला काका आणि काकू आले होते. काकांनी हात जोडले, प्रसाद घेतला आणि माझ्या सासूबाईंना विचारलं, "आपला औषधांचा डबा कुठे असतो?" होम चालू होता, भटजी मंत्र म्हणत होते, आणि हे गॅलरीत खुर्ची टाकून सासूबाईंच्या गोळ्या भिंगातून तपासत होते. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "हे पूजेला आलेत की धाडीला?" जेवायच्या आधी त्यांनी डब्यातल्या मुदत संपलेल्या पाच पट्ट्या बाजूला काढल्या होत्या आणि बाकीच्यांची चिठ्ठी लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती. ती चिठ्ठी अजून तिथेच आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते. इतका वेळ मी इकडचं तिकडचं सांगतेय, ते उगाच नाही. त्या दिवसापाशी यायला मला अजून धीर होत नाही.

खरवई गावातला एक माणूस आमच्याकडे यायचा. आमच्या सोसायटीच्या मागेच त्याचं घर. तिथले ते मूळचे, आमच्या इमारती उठल्या त्या जागी पूर्वी त्यांची भातशेती. तो टेम्पो चालवायचा, कॅम्प दोनला जीन्सचे गठ्ठे पोचवायचा आणि जाताना आईची औषधं आमच्याकडून न्यायचा. आईच्या हृदयाची झडप बदललेली होती, त्यामुळे तिला रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉरफेरिन, जन्मभराची होती. ही गोळी भारी नाजूक. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. बदलापूरला ढीगभर मेडिकल असताना तो उल्हासनगरला यायचा ते काकांसाठी. नवं काही औषध आलं की काका खोका काढायचे, कागद बघायचे, वहीत खूण करायचे आणि मग म्हणायचे, "ने बिनधास्त." तो 'बिनधास्त' ऐकायला तो यायचा.

त्या दुपारी काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मोतीबिंदू पिकत आला होता. दुकानात गर्दी, फोन वाजतोय, शेठ डोक्यावर उभे. टेम्पोवाला आला आणि घाईघाईने म्हणाला, "ताई, आयचे तोंडान छाले आलेन. जिभंवर पांढरा थर चरलाय. घास गिळवत नाय तिला. लावाला काय तरी द्या ना."

बुरशीवरचं जेल असतं, मायकोनाझोलचं. रोज चार जणांना देतो आम्ही. ट्यूब काढली. खोकं हातात होतं, कागद त्याच्या आत होता. माझ्या मनात आलं, एकदा बघावं. मी टॅब्लेटवर टाइप केलं. जावईबापूंनी छान उत्तर दिलं: जेल तोंडात लावायचं असल्याने रक्तात फार कमी जातं, त्यामुळे लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही. तेच मला ऐकायचं होतं. आमच्या धंद्यात एक जुनी समजूत आहे. पोटात जायचं ते औषध, लावायचं ते मलम. तपासायचं ते पोटात जायचं, लावायच्याला कोण बघतं?

वहीत मी लिहिलं नाही. ट्यूब दिली, दिवसातून चार वेळा लावायला सांगितलं. तो वळला, पुन्हा मागे आला आणि म्हणाला, "काकांनी बघितलाय ना?"

मी म्हटलं, "हो. बघितलंय."

एवढंच. आत जाऊन खोका उघडायला, नाहीतर 'काका नाहीयेत, उद्या या' म्हणायला मला किती वेळ लागला असता? मागे सहा माणसं उभी होती. मी हो म्हणाले. तो गेला.

पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. मला कळलं. तो माझ्याकडे आलाच नाही, सरळ आतल्या खोलीच्या दाराशी गेला आणि काकांना बाहेर बोलावलं. त्याच्या हातात ट्यूबबरोबरचा कागद होता, उलगडलेला. एका ओळीखाली कुणीतरी पेनाने रेघ मारली होती.

"डॉक्टरांनी विचारला, नवीन काय दिलास. मी बोललू काय नाय, नुसता तोंडान लावाचा जेल. त्यांनी कागद मागवला घरून." त्याचा आवाज खाली होता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "हिरड्यांतून रक्त आला. मंग संडासातून काला काला. मंग डोक्यान. तीन दिवस होती. वाचा."

काकांनी खिशातून भिंग काढलं. सगळं दुकान थांबलं होतं. काकांनी तो कागद काउंटरवर ठेवला, तळहाताने सरळ केला आणि वाचला. वॉरफेरिन घेणाऱ्याने हे जेल वापरू नये. साध्या शब्दांत, ठळक अक्षरांत होतं.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.

"ही बोलली, काकांनी बघितलाय." त्याने माझ्याकडे बोट केलं. "तुमी बघितला व्हता ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी ओळ नीट लागत नसली की जसं पुन्हा एकदा बघायचे, तसं. मी काही बोलले असते तर तेव्हाच. माझं तोंड उघडलं नाही.

"हो," काका म्हणाले. "बघितलं होतं. माझ्या नजरेतून सुटलं."

त्याने त्यांच्या थोबाडीत मारली. भिंग खाली पडलं. काकांनी गालाला हातसुद्धा लावला नाही, तसेच उभे राहिले. मग त्या माणसाचाच चेहरा फुटला आणि तो तिथे काउंटरला टेकून "आये, आये" करत रडला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तो गेला. पोलीस नाही, तक्रार नाही, काही नाही. कागद काउंटरवरच राहिला.

मी आत गेले आणि त्यांचे पाय धरले. "काका, मी सांगते शेठना. आत्ता सांगते. मी जाते त्याच्या मागे."

ते खोके बघत होते. एकेकाचं झाकण उघडत होते. म्हणाले, "बघ, जेलचा कागद नाहीये यात. एकाही मलमाचा नाही, थेंबांचा नाही. लावायचं म्हणून मी कधी ठेवलेच नाहीत. तू खोका उघडला असतास तरी काय मिळालं असतं?"

"पण कागद माझ्या हातात होता. आणि मी खोटं बोलले."

"हो," ते म्हणाले. "ते तुझं आहे. ते मला घेता येणार नाही. कागद ठेवला नाही, त्याचा मार मी खाल्ला. 'बघितलंय' म्हणालीस, ते त्या मुलाला तू सांगायचं. शेठला नको, त्याला काय करायचंय? लायसन जाईल, पोरं लहान आहेत तुझी. त्या मुलाला सांग."

मी मान हलवली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला पुढे खूप दिवस होते, पण त्या क्षणी सुटल्यासारखंच वाटलं.

शेठ वाईट माणूस नव्हते. पण धंदा म्हटला की भीती आलीच. संध्याकाळी त्यांनी काकांना सांगितलं, "अंकल, बुरा मत मानना. कल से आराम करो." काकांनी रिक्षा बोलावली, दोन फेऱ्यांत खोके नेले. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत सिरपच्या पेट्या रचल्या गेल्या आणि मी दुकानाची मुख्य फार्मासिस्ट झाले.

महिन्या-दीड महिन्याने मी त्यांना भेटायला अंबरनाथला जायचे. जाऊन बसायचे, काकूंच्या हातचे पोहे खायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ते खोलीभर पसरलेल्या कागदांत बसलेले असायचे. आता मलमांचे कागद, थेंबांचे, फवाऱ्यांचे, पट्ट्यांचे. ओळखीच्या दुकानांतून मागून आणायचे. कुणासाठी, असं मी कधी विचारलं नाही. दुकान नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "झोपेत पण बोट फिरतं चादरीवर."

दर वेळी निघताना ते दारापर्यंत यायचे आणि एकच विचारायचे. "खरवईला गेलीस का?"

राहते मी खरवईलाच. त्याच्या घरावरूनच रोज जाते. पण ते काय विचारतात ते मला कळायचं. मी म्हणायचे, "जाईन, काका. या रविवारी नक्की." ते म्हणायचे, "बरं." एकदाही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी गेले असते की काय, कुणास ठाऊक. पहिल्या वेळी मुलाची परीक्षा होती. दुसऱ्या वेळी सासूबाईंचं पडणं. तिसऱ्या वेळी कारण शोधायचेही कष्ट मी घेतले नाहीत. आणि त्या माणसाला मी रोज बघत होते. अंगणात टेम्पो धूत असायचा. मी मान खाली घालून फोनमध्ये बघत पुढे जायचे. आठ महिने मी तेवढ्या वाटेवर फोनमध्ये बघत चालले.

मग एके सकाळी काकूंचा फोन आला. काका चहा पीत पीत खुर्चीतच गेले होते. त्रास झाला नाही म्हणाल्या. मी गेले तेव्हा कुणीतरी कागद गोळा करून बाजूला सारत होतं, माणसांना बसायला जागा करायला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या अंगणात शिरले. तो पडवीत बसला होता, मुलीची सायकल दुरुस्त करत. मला बघून उठला. "या ताई," म्हणाला, बायकोला पाणी आणायला सांगितलं. ओट्यावरच्या भिंतीवर आईचा फोटो होता, हार ताजा होता. पाणी यायच्या आत मी बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं. काका त्या दिवशी दुकानात नव्हते. त्यांनी काही बघितलं नव्हतं. जेल मी दिलं, कागद मी उघडला नाही आणि त्यांनी बघितलंय म्हणून मी खोटं सांगितलं. काका गेले. परवा तेरावं झालं.

मला वाटलं होतं, तो ओरडेल. मारेल म्हणूनही मनाची तयारी केली होती. खरं तर मला ते हवं होतं. मारलं असतं तर फिटलं असतं काहीतरी.

तो खाली बसला. हाताला सायकलच्या चेनचं काळं लागलं होतं, तो हात तो उलटा सुलटा करून बघत राहिला.

"मी मारला त्यांना," तो म्हणाला. "सगल्यांचे समोर. बापाच्या वयाचा माणूस." मग म्हणाला, "आयेची औषधा सात वरसा त्यांनी बघितली. एक पैशाची चूक नाय. मी त्यांना मारला."

"चूक माझी होती, दादा."

"तुझी तुझ्यापाशी." त्याने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच बघवेना. "मागचे महिन्यान आली असतीस ताई, तरी मी अंबरनाथला जाऊन पाय धरला असता त्यांचा. आता मी कोनाचा पाय धरू?"

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी पाणी न घेताच उठले, आणि तो मला फाटकापर्यंत सोडायला आला.